वादळात मोडलेले चमचे

सी शाझलींच्या घरात खुत्ताफ एअरचा एकही चमचा नव्हता, आणि या गोष्टीचा त्यांना भयंकर अभिमान होता.

यात अभिमान कसला, असं एखादा परका विचारील. त्याने आधी ट्युनिसमधलं, स्फाक्समधलं, कैरुआनमधलं, कुठलंही घर गाठावं, स्वयंपाकघरातला खण ओढावा आणि आत बघावं. खुत्ताफ ही देशाची राष्ट्रीय विमानसेवा, आणि खुत्ताफ म्हणजे पाकोळी. विमानाच्या शेपटीवर निळी पाकोळी, उशीच्या अभ्र्यावर पाकोळी, आणि चमच्याच्या दांड्यावर तर इतकी देखणी पाकोळी, की चमचा एकदा हातात घेतल्यावर खाली ठेवणं हे संतांचंच काम. आपण पडलो साधी माणसं. शिवाय पाकोळी घरात आली की बरकत येते, तिला हाकलू नये, हे प्रत्येकाला आईच्या मांडीवर शिकवलेलं. लोकांनी शिकवण पाळली. हाकललं नाही.

सी शाझली (‘सी’ म्हणजे श्रीयुत) मात्र खुत्ताफचे मुख्य स्टुअर्ड होते. उभी हयात त्यांनी त्या केबिनमध्ये काढली. विमान उतरून माणसं पांगली की ते खुर्च्यांच्या मधून एक फेरी मारत, ओसाड ट्रेंकडे बघत आणि एक लांब उसासा सोडत. आता परतल्यावर भांडारात काय सांगायचं? ‘प्रवाशांनी नेलं’ म्हणणं म्हणजे पाहुण्याला चोर म्हणणं. ते कुणाच्याच जिभेवर येईना. म्हणून खुत्ताफमध्ये पहिल्या दिवसापासून एक रिवाज पडला होता : जे जे हरवलं, ते ते ‘वादळात मोडलं’. कप वादळात फुटला, हे एक वेळ ठीक. पण चमचाही वादळात मोडला. रुमालही मोडला. जेर्बा बेटाच्या एका फेरीत तर लोकरीच्या पांघरुणांचा अख्खा गठ्ठा वादळात मोडला. परदेशातून आलेल्या एका तज्ज्ञाने हे कागद वाचून म्हणे अहवाल दिला होता, की भूमध्य समुद्रावरचं हवामान जगात सर्वांत भयानक असून इथल्या वैमानिकांना तातडीने शौर्यपदकं द्यावीत.

आणि सेवा काय होती ती! खुत्ताफ सुरू झाली तेव्हा तिच्याकडे दोन विमानं होती. एक उडायचं आणि दुसरं त्याला सुटे भाग पुरवायचं. पण थाट असा, की विमानाला उशीर झाला (आणि तो व्हायचाच) की प्रत्येक प्रवाशाच्या कानामागे मोगऱ्याचा तुरा. चहा चिलगोजे घालून, आणि किटली खांद्यापर्यंत उंच नेऊन ओतायचा, कारण फेस नसलेला चहा पाहुण्याला देणं हा अपमान. आता विमान गचके खात असताना खांद्याएवढ्या उंचीवरून चहा ओतून बघा! सी शाझलींचा एक थेंब सांडत नसे. गरम गरम ब्रीकसुद्धा द्यायचे, पापुद्र्यात अख्खं अंडं फोडून तळलेली. आपल्याकडे होणाऱ्या जावयाची परीक्षा घेतात ती हिच्यावरच. बलक न सांडता खाल्ली तर पोरगी मिळते. एकदा मात्र एका राजदूताच्या टायवर बलक सांडला, दोन देशांचे संबंध ताणले गेले आणि ब्रीक बंद झाली. राजदूताला जावई कुणी करून घेतलं होतं देव जाणे.

तर असे हे सी शाझली, निवृत्त होऊन हम्माम-लिफच्या आपल्या घरात समुद्राचा वारा खात बसलेले. आणि एक दिवस खुत्ताफच्या कचेरीतून फोन आला.

“सी शाझली, मी मादाम रीम बोलतेय,” पलीकडून एक तरुण, घाईतला आवाज आला. “शुक्रवारी आपला सुवर्णमहोत्सव आहे. मोठ्या दालनात काचेचं कपाट ठेवतोय, आपल्या केबिन-सेवेचा इतिहास म्हणून. कपाट तुमच्या हस्ते उघडायचं.”

सी शाझलींनी फोन कानाशी धरूनच उभं राहून कोटाचं बटण लावलं. “मादाम, हा माझा बहुमान. आत काय काय ठेवलंय?”

“तीच तर पंचाईत आहे! जुनं काहीच उरलं नाही हो आमच्याकडे. भांडारवाले म्हणतात सगळं वादळात मोडलं. मग आत्ताचा प्लास्टिकचा ट्रे ठेवू म्हटलं. लोकांना काय कळतंय?”

प्लास्टिक! सी शाझलींना वाटलं, कुणीतरी आपल्या सगळ्या आयुष्यावर झाकण लावून ते कचऱ्यात टाकलं. म्हणजे ते उंचावरून ओतलेले चहा, ते तुरे, त्या फेऱ्या, हे सगळं झालंच नव्हतं? पुराव्याला एक चमचासुद्धा नाही?

“मादाम,” ते म्हणाले, “प्लास्टिक राहू द्या. अख्खा ट्रे मी आणतो. निळ्या काठाचा कप, पाकोळीचा चमचा, चहाचा ग्लास, कांजीचा रुमाल, मीठदाणी. शाझलीचा शब्द.”

फोन ठेवल्यावर शब्द किती जड आहे ते कळलं. कारण घरात यातलं काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी दात कोरायची काडीसुद्धा घरी आणली नव्हती.

“आणणार कुठून?” त्यांची बायको, लल्ला झकिया, मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या.

“गल्लीतून. कुणाकडे चुकूनमाकून एखादा चमचा आला असेलच.”

लल्ला झकियांना त्याच क्षणी जोराचा ठसका लागला. मिरचीचा असणार.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सी शाझलींची अशी पक्की समजूत होती, की आपल्या गल्लीत चमच्यांचा दुष्काळ आहे. ते कुणाकडेही गेले की कॉफी आधीच ढवळून यायची. साखर लागली तर सुरीच्या टोकाने ढवळायची. एका घरात तर यजमानाने पेन्सिल वापरली होती. बिचारी माणसं, असं सी शाझलींना वाटे, आणि म्हणून गल्लीतल्या प्रत्येक लग्नात ते एकच आहेर करत : चमच्यांचा डबा. लोक तो डबा घेताना खाली मान घालत. सी शाझलींना वाटे, स्वाभिमानी आहेत.

तेव्हा ते पहिल्यांदा गेले वरच्या मजल्यावरच्या खालती दूजांकडे. खालती म्हणजे मावशी, आणि या तर सगळ्या गल्लीच्याच मावशी; विधवा, मुलं परदेशी, आणि सल्ला देण्याचा धंदा फुकटात चालवणाऱ्या. दार वाजवल्यावर आत बराच वेळ खणखण, धाडधाड चाललं होतं. मग दार उघडलं. कॉफी आली ती जॅमच्या बाटलीतून.

“खालती, तुमच्याकडे खुत्ताफचा एखादा जुना कप असेल का हो?”

“माझ्याकडे?” खालती दूजांनी दोन्ही हात छातीवर ठेवले. “सी शाझली, माझ्याकडे कपच नाहीत! दिसत नाही का, बाटलीतून पितेय ती?”

“तसं नाही हो, मी चौकशी नाही करत...”

“चौकशी?” खालती दूजा फटकन म्हणाल्या. “हे बघा, माझं ऐका. नोटीस लावा. हमादीच्या दुकानावर. ज्याच्याकडे असेल तो आपणहून आणील. आणि त्यात स्वच्छ लिहा, की कोणतीही चौकशी होणार नाही. म्हणजे लोक घाबरणार नाहीत.”

कोपऱ्यावरचा किराणावाला हमादी याचं मत वेगळं. सी शाझली दुकानात शिरले तेव्हा तो डब्यातून हारिसा, म्हणजे मिरच्यांचा तिखटजाळ ठेचा, काढत होता. त्यांना बघताच त्याने हातातलं काहीतरी हारिशातच बुडवलं आणि उरलेला हारिसा बोटाने काढला, मग तिखट हात डोळ्याला लावला आणि बोंब मारली.

“डोळे धुवा आधी!” सी शाझली म्हणाले.

“डोळ्यांचं सोडा, सी शाझली. नोटीस लावताय तर सरकारी लिहा. खाली शिक्का हवा. शिक्क्याशिवाय आपल्याकडे मृत्यूसुद्धा खरा मानत नाहीत!”

शिक्का कुठला आणायचा? शेवटी त्यांच्या जुन्या बॅगेवरचं खुत्ताफचं चिकटपत्र काढून खाली डकवलं. नोटीस अशी झाली : ‘खुत्ताफ एअरच्या केबिनमधील जुन्या वस्तू ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या सी शाझलींकडे आणून द्याव्यात. कोणतीही चौकशी होणार नाही.’

आता आपल्या देशात ज्या कागदावर ‘चौकशी होणार नाही’ असं लिहिलेलं असतं आणि खाली शिक्का असतो, त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो : चौकशी सुरू झाली. दुपारपर्यंत बातमी स्टेशनपलीकडे गेली, की खुत्ताफचे निरीक्षक येताहेत. संध्याकाळपर्यंत निरीक्षकांबरोबर पोलीस आले. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, की त्यांच्याकडे एक यंत्र आहे, ते घराबाहेरून फिरवलं तरी आतली पाकोळी ओरडते.

मग जे सुरू झालं ते सी शाझलींनी गच्चीवरून आपल्या डोळ्यांनी पाहिलं. अब्रूदार माणसं, हातात पिशवी, चेहऱ्यावर सहज फिरायला निघाल्याचा भाव, एकामागून एक समुद्राकडे चालली होती. येताना पिशव्या रिकाम्या. निळ्या काठाचे कप, त्यांचे कप, समुद्रात बुडत होते. कुणी अंगणातल्या लिंबाखाली खड्डा करून मीठदाण्या पुरत होतं. आणि हे सगळं त्यांच्याच नोटिशीने! इतकी वर्षं ज्या वस्तू चोरून का होईना पण जपल्या गेल्या होत्या, त्या त्यांच्या एका कागदाने दोन दिवसांत संपवल्या. सी शाझलींनी नोटीस फाडली. त्यावर गल्लीने निष्कर्ष काढला, की पुरावा नष्ट करताहेत, म्हणजे प्रकरण फारच वरपर्यंत गेलंय.

बुधवारी संध्याकाळी ते हमादीच्या दुकानापुढच्या खुर्चीवर मान खाली घालून बसले होते. एका मासेमाराने जाळ्यात सापडलेला चमचा आणून दिला होता, दांडा मधोमध वाकलेला, पाकोळीची मान मुरगळलेली. सी शाझली तो बोटांनी सरळ करायला बघत होते.

“बघ हमादी,” ते म्हणाले. “आयुष्यभर मी खोटं सांगितलं की चमचे मोडले. आज पहिल्यांदा खरंच मोडला.”

हमादी उगीचच तराजू पुसायला लागला. खालती दूजा, दारात उभी माणसं, सगळी आपापल्या चपलांकडे बघू लागली. परवा मादाम रीम कपाटात प्लास्टिक ठेवणार होती, आणि ते उघडायला सी शाझली कोट घालून जाणार होते.

तेवढ्यात लल्ला झकिया तबक घेऊन घरातून बाहेर आल्या. नवऱ्यापुढे कॉफी ठेवली, साखर घातली, आणि सगळ्या गल्लीदेखत, शांतपणे, ढवळायला लागल्या. चमच्याच्या दांड्यावर निळी पाकोळी होती.

सी शाझलींनी चमच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग पुन्हा चमच्याकडे.

“झकिया. हे काय आहे?”

“चमचा.”

“कुणाचा?”

“माझा.”

“त्यावर पाकोळी आहे.”

“मग? घरात आलेल्या पाकोळीला हाकलू?”

“माझ्या घरात?” सी शाझलींचा आवाज चिरकला. “माझ्या? कुठे होता हा?”

“रव्याच्या डब्यात.”

“इतकी वर्षं?”

“तुम्ही कधी रवा चाळलाय?”

यावर गल्लीतल्या बायका पहिल्यांदा हसल्या. लल्ला झकियांनी मात्र पदर सारखा केल्यासारखी शाल सारखी केली आणि म्हणाल्या, “लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी जेर्बाला मावशीकडे निघाले होते, तुमच्याच विमानाने. तुम्ही त्या निळ्या गणवेशात आलात आणि मला ओळखही न देता विचारलंत, ‘मादाम, चहा घेणार?’ ”

“नियम होता तो! कामावर घरच्या माणसाशी...”

“ठाऊक आहे हो नियम. पण मादाम म्हणालात! माहेरी मला ‘ए’ म्हणायचे, सासरी ‘अगं’. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मादाम म्हणालं, आणि बघते तर माझाच नवरा. चहा असा उंचावरून ओतलात, थेंब सांडला नाही. मला वाटलं, हे माणूस घरी येईल तेव्हा असं नसेल. निदान चमचा तरी असू दे.”

सी शाझलींनी हातातला वाकलेला चमचा खाली ठेवला.

मग हमादीने हारिशाचा डबा पुढे ओढला, कोपरापर्यंत बाही वर केली आणि आतून लालभडक झालेला चमचा काढला. पाठोपाठ गल्ल्यामागून मीठदाणी. “माझ्या बापाला मार्सेयहून आणत होतो, सी शाझली. खाली शवपेटीत तो, वर खुर्चीत मी. तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नुसतं मी रडलो की लिंबूसरबत, रडलो की लिंबूसरबत. उतरलो तेव्हा पोट तुडुंब भरलं होतं आणि मुठीत ही मीठदाणी होती. कशी आली ते अल्ला जाणे. पण टाकवेना.”

“आणि चमचा?” खालती दूजांनी विचारलं.

“चमचा मी चोरला,” हमादी प्रामाणिकपणे म्हणाला.

खालती दूजा जिना चढून गेल्या आणि धापा टाकत उतरल्या. निळ्या काठाचा कप जॅमच्या बाटलीमागे लपला होता. “पहिल्यांदा पॅरिसला लेकाकडे निघाले तेव्हा विमान उडताना मी किंचाळले. सी शाझलींनी आपली बाही माझ्या हातात दिली. म्हणाले, धरून ठेवा, खालती, ही घट्ट शिवलेली आहे.” त्यांनी मूठ उघडली. कपाबरोबर एक सोनेरी बटण होतं. “तितकी घट्ट नव्हती.”

“ते बटण!” लल्ला झकिया ओरडल्या. “घर पालथं घातलं होतं मी त्याच्यासाठी!”

मग कुणाला थांबवायचं? कुणी लिंबाखालची माती उकरली, कुणी गुडघाभर पाण्यात शिरलं, पोरांनी बुड्या मारल्या. रुमाल आले, पांघरुणं आली, कानामागच्या तुऱ्याचा वाळलेला दोरासुद्धा आला. आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक विमान, एक गचका, आणि त्यात एक सी शाझली. ते खुर्चीवर बसून सगळ्यांना नुसतं “अहो... अहो...” म्हणत राहिले. कॉफी गार झाली.

गुरुवारी सकाळी ते सगळ्यांतला उत्तम ट्रे मांडून खुत्ताफच्या भांडारात हजर. तिथे होते सी बल्कासिम. चष्म्याच्या वरून बघणारे, भांडारातल्या हवेचीसुद्धा नोंद करणारे गृहस्थ.

“घेता येत नाही,” सी बल्कासिम म्हणाले.

“का?”

“या वस्तू मोडल्यात.”

“अखंड आहेत! हा बघा कप!”

“मला दिसतंय हो. पण खुत्ताफच्या हिशोबी जुन्या काळातला प्रत्येक कप वादळात फुटलाय. आणि कुणाच्या सांगण्यावरून फुटलाय? तुमच्या. फुटलेला कप अखंड परत आला तर दोनच अर्थ निघतात. एक तर वादळ खोटं, नाहीतर कप खोटा. वादळ खोटं म्हटलं तर तुमची चौकशी. कप खोटा म्हटला तर कपाटात खोटी वस्तू. सांगा, काय करू?”

सी शाझली उभ्या उभ्या खचले. आपल्याच वादळाने आपल्याला गाठलं होतं. “पाहुण्याला चोर कसं म्हणणार होतो हो?” ते कसंबसं म्हणाले. “बघा ना. चोर नव्हतेच ते.”

सी बल्कासिमांनी कप उचलला, उजेडात धरला, बराच वेळ फिरवला. मग दार लोटून घेतलं.

“मी इथे चिकटलो तेव्हा पहिला कागद केला तो तुमच्याच एका वादळाचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “ऐका. बाहेरून आत काही घेता येत नाही. पण प्रवासी एखादी वस्तू आपल्या दालनात विसरून गेला, तर ती जमा करावीच लागते. कुणाची, कुठून, कशी, विचारायचंसुद्धा नाही. नियम आहे. आणि ती आपण आपल्याजवळ जपून ठेवायची असते. दालनातल्या कपाटात ठेवली तरी चालते.”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या समारंभाला विसरभोळी माणसं घेऊन या.”

शुक्रवारी हम्माम-लिफहून दोन मिनीबस भरून विसरभोळी माणसं आली. सगळ्यांचे खिसे फुगलेले. खालती दूजा चालताना किणकिणत होत्या. त्यांनी सगळ्यांना एकच सल्ला दिला होता, “नैसर्गिक विसरा!” आणि स्वतः तीनदा रंगीत तालीम केली होती. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मादाम रीम रिकाम्या कपाटाकडे बघून घाम पुसत होती. मग सी शाझलींना बोलायला उभं केलं. त्यांनी रात्रंदिवस पाठ केलेलं भाषण होतं. ते वादळात मोडलं. ते फक्त म्हणाले, “मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडून काहीतरी नेलंत. तुम्ही तर माझं सगळं सांभाळून ठेवलंत. फार आभारी आहे.” आणि सवयीने पुढे म्हणाले, “आपला प्रवास संपला. उतरताना आपलं सामान विसरू नका.”

“विसरणार!” मागून हमादी गरजला.

माणसं उठली आणि एकमेकांना ढोसत, हसू दाबत, बाहेर पडली. सी शाझली आपल्या जुन्या सवयीने खुर्च्यांच्या मधून फेरी मारायला निघाले. आयुष्यभर त्यांनी ही फेरी मारली होती आणि दर वेळी खुर्च्या लुटलेल्या दिसल्या होत्या. आज प्रत्येक खुर्चीवर काहीतरी होतं. कप. ग्लास. घडी घातलेला रुमाल. हारिशाचा वास येणारा चमचा. मासेमाराने तो वाकलेला चमचा परत मागून घेऊन आपल्या खुर्चीवर ठेवला होता. सी बल्कासिम म्हणाले, हाही कपाटात हवा, आमच्या सगळ्या इतिहासात खरं बोलणारा एवढाच. एका खुर्चीवर सोनेरी बटण होतं. तेवढं सी शाझलींनी उचलून खिशात टाकलं, आणि सी बल्कासिमांनी नेमका त्याच वेळी चष्मा पुसायला काढला.

पहिल्या रांगेत, अगदी कडेची खुर्ची मात्र रिकामी होती.

सी शाझलींनी वर पाहिलं. लल्ला झकिया दाराशी उभ्या होत्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून, नजर छताला. ते सावकाश चालत त्यांच्याजवळ गेले आणि कोट सारखा करून किंचित वाकले.

“मादाम, आपण काही विसरलात का?”

“नाही,” लल्ला झकिया म्हणाल्या. “मी काहीच विसरत नाही.”

मागे सी बल्कासिम पेन सरसावून थांबले होते. “सी शाझली, त्या कडेच्या खुर्चीचं काय लिहू?”

सी शाझलींनी बायकोसाठी दार उघडून धरलं.

“लिहा,” ते म्हणाले, “एक चमचा. वादळात मोडला.”